दहाची चिठ्ठी, बाराची नळी

आमच्या नेमबाजी क्लबातल्या रायफली दुरुस्त करणाऱ्या माणसाला सगळे मिस्त्री म्हणायचे. पत्र्याखालची त्याची खोली एका माणसापुरतीच होती. त्यात एक जाड टेबल, तेलाचे डबे, नळ्या साफ करायच्या सळया आणि डुगडुगणारं एक स्टूल. स्टूल तो मुद्दाम दुरुस्त करत नसे, कुणी फार वेळ बसू नये म्हणून. हात चोख, पण एकदा तोंडातून शब्द गेला की मागे घेणं नाही. त्याची थोरली बहीण म्हणायची, "सुंभ जळेल, पण याचा पीळ जायचा नाही."

ही ताई शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. साठी उलटली तरी सहाशे मीटरवरच्या नेमबाजीत ती पहिल्या तिघांत असायची. तिच्या रायफलीची नळी झिजली तेव्हा मिस्त्रीने नवी बसवली. लांबवर वारा कमी नडावा म्हणून जड, लांबट गोळ्याही त्यानेच सुचवल्या.

नळीच्या आत पिळदार खाचा असतात. त्या गोळीला भोवऱ्यासारखं फिरवतात, म्हणून ती सरळ जाते. गोळी जितकी लांब, तितका पीळ घट्ट लागतो. या गोळ्यांना दहा इंचांत एक फेरा हवा होता, आणि नळीबरोबरच्या चिठ्ठीवर दहाच लिहिलं होतं. मिस्त्रीने जुन्या हलक्या गोळ्या मारून पाहिल्या. नेम बसला. मग मोजायचं कशाला?

उन्हाळाभर निभावलं. थंडी पडली, हवा जड झाली आणि ताईचे नेम विखरायला लागले. कागदावरची भोकं गोल न पडता लांबट पडत होती. मिस्त्रीने ती पाहिली आणि कागद सैल असेल म्हणून सोडून दिली. क्लबच्या समितीने विचारलं तेव्हा तो म्हणाला की रायफल ठणठणीत आहे, ताईची नजर गेली. ताईचं नाव संघातून निघालं.

ताईने डोळे दाखवले. डॉक्टरांच्या मते मोतीबिंदू नुकताच धरत होता, दोन-तीन वर्षं सहज थांबता आलं असतं. ताई थांबली नाही. ऑपरेशन झालं, पण नेम धरायच्या उजव्या डोळ्याला उजेड टोचायला लागला, ते टोचणं काही गेलं नाही. तिने रायफल विकायला भावाकडे दिली.

विकण्याआधी तपासावी म्हणून एका गार सकाळी मिस्त्रीने स्वतः दहा गोळ्या मारल्या. त्याचे डोळे तर धडधाकट होते. भोकं लांबटच पडली, म्हणजे गोळीच वाटेत डुलत होती; त्यात नजरेचा दोष नव्हता. एक गोळी तर आडवीच घुसलेली. त्याने सळईला घट्ट चिंधी गुंडाळली, ती नळीत सरकवली आणि खाचांबरोबर फिरणाऱ्या सळईचा एक फेरा किती इंचांत पुरा होतो, त्याच्या खुणा केल्या. बारा इंच. त्याने तीनदा मोजलं. तिन्ही वेळा बारा.

अकरा दिवस तो गप्प राहिला. शेवटी बायकोने खोदून खोदून त्याच्याकडून सगळं काढून घेतलं. तुम्ही सांगणार नसाल तर मी जाऊन सांगते, असं तिने बजावलं. तेव्हा तो भर दुपारी ताईकडे गेला. पडदे ओढलेले होते. ताई घरातही काळा चष्मा लावून शेंगा सोलत बसली होती.

"ताई, तुझे डोळे ठीक होते. नळी चुकीची होती. दहाची म्हणून मी बाराची बसवली. गार हवेत तिचा पीळ कमी पडला."

ताईचे हात थांबले. "मोजायला किती वेळ लागतो?"

"पाच मिनिटं."

ताईने हातातली शेंग खाली ठेवली. मग म्हणाली, "डॉक्टर थांबा म्हणत होते. मीच त्यांना सांगितलं, माझा भाऊ याच कामातला आहे, तो उगाच बोलायचा नाही."

तिने पुन्हा शेंगा सोलायला घेतल्या. चहा विचारला नाही. तो उठून आला.

दुसऱ्या दिवशी त्याने समितीला लेखी कळवलं की चूक सर्वस्वी माझी. समितीने ताईचं नाव परत घातलं. तिने कळवलं, आता त्याचा उपयोग नाही. मिस्त्रीने ती रायफल न विकता तिला घट्ट पिळाची नळी बसवली आणि खांद्याला टेकणारा दस्ता डाव्या बाजूला बेतून दिला. महिन्याभराने ताई क्लबात आली, डाव्या डोळ्याने दहा गोळ्या मारल्या. भोकं अगदी गोल पडली, पण दोन गोळ्या कागदालाही लागल्या नाहीत. चष्मा लावून ती निघून गेली.

होतं असं चुकून, असं कुणी म्हटलं की मिस्त्री काम टाकून बाहेर जातो. हल्ली येईल ती नळी तो आधी मोजतो. मिस्त्रीला काही निरोप द्यायचा असला, तर ताई भावजयीला फोन करते.