खोक्याच्या फळीवरचा शब्द

माझी पुस्तकांची फळी ओझरच्या विमान कारखान्यातून आली होती. मूळचे सायखेड्याचे माझे वडील तिथल्या स्टोअरमध्ये कामाला होते. रशियाहून सुटे भाग लाकडी खोक्यांत यायचे. खोकी मोडली की फळ्या कामगारांना मिळत. वडिलांनी एक आणली आणि तिच्यावरची काळी रशियन अक्षरं समोर दिसतील अशी भिंतीला ठोकली. मग वर्षानुवर्षं एकच धोशा: “शिकून मोठी झाली का मला वाचून दाखव, काय लिवलंय ते.”

मी दिल्लीच्या विद्यापीठात आंतरराष्ट्रीय संबंध शिकायला निघाले, तेव्हा कारखान्याच्या कॉलनीला प्रश्न पडला की हे शिकून मुलगी कुठल्या बँकेत लागणार. वडील म्हणत, ती आधी आमची फळी वाचणार.

तिथे जोडीला रशियन घेतली. थोड्याच दिवसांत फळीवरची पाठ झालेली अक्षरं मी वहीत काढून वाचली. ‘जपून’. बस, एवढंच! मला रडूच आलं. इतकी वर्षं वाट पाहणाऱ्या माणसाला हे काय कळवायचं? मी पत्रात ठोकून दिलं की तिथे ‘दोन्ही देशांची मैत्री चिरायू होवो’ असं लिहिलंय. परराष्ट्र धोरणातला माझा तो पहिला प्रयोग.

दिवाळीला आले तर वडील येणाऱ्याजाणाऱ्याला फळीसमोर उभं करून ते वाक्य ऐकवत होते. मी फराळाच्या ताटल्या आणायला म्हणून आत पळायचे.

पुढे परदेशात नोकरी लागली. निघायच्या दिवशी राहवेना, खोटं बोलले म्हणून सांगून टाकलं. ते हसले.

“मला म्हाईत हाय. कामाच्या पहिल्याच दिवशी सायबानं सांगितलं व्हतं, ही अक्षरं दिसली का खोकं हळू धरायचं.”

मग इतकी वर्षं का विचारत होतात?

“तुझ्या तोंडून ऐकायचं व्हतं. आता खरं वाच.”

मी फळीसमोर उभी राहिले. तेवढा एक शब्द वाचायचा सोडून ओढणीनं अक्षरांवरची धूळ पुसत राहिले. “ऱ्हाऊ दे, पुढच्या खेपेला,” ते म्हणाले.

नाशिकरोडला गाडी हलली, तेव्हा खिडकीच्या गजावर हात ठेवून ते चार पावलं चालले आणि म्हणाले, “जपून.”

पुढची खेप त्यांच्या हयातीत झाली नाही. परक्या देशातल्या विमानतळांवर खोक्यांवर ती अक्षरं दिसली की मी अजून थांबते आणि मोठ्यानं वाचते.