दुसरं ताट

पाळकाला पाळक नसतो. चर्चच्या मंडळीतल्या माणसाचं काही बिनसलं की तो माझ्या ओसरीवर येऊन बसतो, रडतो, प्रार्थना करून घेतो आणि हलका होऊन घरी जातो. पाळकानं कुणाच्या ओसरीवर जाऊन बसायचं हे मात्र कुठं लिहून ठेवलेलं नाही. कोल्हापुरात मी निम्मं आयुष्य पाळकी केली आणि ही गोष्ट मला लढाईच्या साली कळली. त्याआधी कळायची गरज पडली नव्हती, कारण तोवर बायको होती.

लढाईचं साल म्हणजे एकाहत्तर. डिसेंबरात खिडक्यांच्या काचांना काळे कागद लागले, रस्त्यावरचे दिवे गेले आणि एरवी नाताळालासुद्धा न फिरकणारी माणसं चर्चच्या पुढच्या बाकावर दिसायला लागली. मंडळीतल्या तीन घरांतले मुलगे फौजेत होते. त्यातलं एक घर माझं. एकुलता एक मुलगा, आई गेल्यावर माझ्याशी भांडून भरती झालेला. बाकीच्या दोन घरची माणसं रोज संध्याकाळी यायची. "पाळकसाहेब, आमच्या पोरासाठी प्रार्थना करा." मी करायचो, मनापासून करायचो. पण तुमच्या पोराची काही खबर आहे का, असं कुणी विचारलं नाही. माणसं वाईट नव्हती. पाद्र्याच्या घरात देवाचा टेलिफोन बसवलेला असतो, अशी लोकांची एक समजूत असते, एवढंच.

लढाई संपली. चौकात पेढे वाटले, फटाके उडाले. त्या दोन्ही घरी मुलांची खुशाली आली. माझ्याकडं काहीच नाही. नाताळाच्या उपासनेत मी शांतीवर उपदेश केला आणि लोकांनी बाहेर पडताना हात हातात घेऊन, फार छान झालं, असं सांगितलं. मी घरी येऊन चुलीवर भात टाकला. तो करपला तरी मला वास आला नाही.

अशात एक दिवस ती दारात आली.

तिला सगळं गाव पोलंडवाली म्हणायचं. दुसऱ्या महायुद्धात गावाबाहेर वळिवड्याला गोऱ्या निर्वासितांचा कॅम्प होता. हजारो बायका-पोरं पार सायबेरियातून, इराणातून हाल सोसत तिथं आलेली. युद्ध संपल्यावर ती सगळी पांगली, त्या बराकींत सिंधी लोक आले, आणि ही एकटी मागं राहिली. सिनेमाच्या स्टुडिओत दिव्यांचं काम करणाऱ्या एका मराठा गड्याशी तिनं लग्न केलं होतं. मूलबाळ झालं नाही, नवराही अपघातात गेला. लक्ष्मीपुरीत एका खोलीत ती शिवणकाम करायची आणि भाजीवालीशी असं कडाक्याचं भांडायची की पाठ करून उभ्या माणसाला कोण गोरं आणि कोण काळं हे ओळखू येऊ नये. कुणी पोलंडवाली म्हटलं की उसळायची. "मी पोलंडची न्हाय! युक्रेनची हाय मी. कितींदा सांगू?" ऐकणाऱ्याला दोन्ही सारखंच. त्याला दोन्ही नकाशावर दाखवता आली नसती.

महिन्यातून एखाद्या रविवारी ती आमच्या उपासनेला यायची आणि अख्खी उपासना उभी राहायची. बाकावर जागा असली तरी मागच्या भिंतीशी उभीच. आमच्या चर्चच्या पंचांना ते खटकायचं. तिला बसायला सांगा, म्हणून ते माझ्या मागं लागायचे. मी एकदा सांगितलं, तर म्हणाली, "आमच्यात देवाम्होरं बसत न्हाईत. तुमी बसा. मला काय त्रास न्हाय." मी पंचांना ते तसंच सांगितलं.

तर ती त्या दिवशी दारात आली आणि उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "पाळकसायब, परवा माझा नाताळ हाय. जेवायला येतासा?"

आमचा नाताळ होऊन दीड आठवडा उलटला होता. तिच्या लोकांचा जुन्या पंचांगानं उशिरा येतो, हे मला ठाऊक होतं. पण मी कुणाकडं जेवायला जायच्या मनःस्थितीत नव्हतो. शिवाय विधुर पाळक एका विधवा बाईच्या खोलीवर जेवतो म्हटल्यावर कोल्हापूरचे लोक चार दिवस दुसरा विषय काढणार नाहीत. मी काहीतरी सबब सांगितली. ती हलली नाही. मग तिनं कॅम्पातली गोष्ट सांगितली.

कॅम्पात पोलंडचे लोक बक्कळ, हिची माणसं थोडी. पोलंडवाल्यांना त्यांचे पाद्री होते, यांना कुणीच नव्हता. होता तो एक म्हातारा. गावाकडं असताना चर्चमध्ये पाद्र्यामागं गाणी म्हणायचा, तेवढाच त्याचा अधिकार. पण लढाईत अधिकार कोण विचारतो? मुलाचा बाप्तिस्मा असो की मातीला जाणं असो, जेवढं पाठ होतं तेवढं तो गायचा. आणि त्यांच्या नाताळाच्या आदल्या संध्याकाळी त्याला एक वेगळंच काम असायचं. त्या जेवणाला पानावर बसणारी माणसं जोडीनं लागतात. दोन, चार, सहा. विषम बसली तर पुढच्या वर्षाला त्यातलं एक कमी होतं, असा समज. पण त्या कॅम्पात कुणाचा बाप वाटेत बर्फात राहिलेला, कुणाची पोरं रेल्वेच्या डब्यात गेलेली. पाहावं तर घराघरात विषम. म्हणून तो म्हातारा संध्याकाळी बराकीबराकीतून फिरायचा. विषम दिसलं की मांडी घालून बसायचा, एक घास खायचा, गाण्याची एक ओळ म्हणायचा आणि उठून पुढच्या घरी.

"आमी दोघी मायलेकी उरल्यालो, आमचं जोडीनं हुतं. पर मधी आय गेली, मग त्यो माझ्या एकटीजवळ बसला. पुढं नवरा बसायचा. आता कोण बसंल? तुमी पाळक हायसा न्हवं? मग ह्ये तुमचंच काम हाय की."

माझं डोकं तापलेलंच होतं. मी म्हटलं, "बाई, ही अंधश्रद्धा आहे. आमच्या आज्यापणज्यांनी कावळा आणि पिंड सोडला तो हे असलं पुन्हा धरायला नाही."

"सोडा की. मी कुठं धरा म्हणती? नुसतं खायला या. आणि दार सताड उघडं ठेवती, लोकांस्नी काय बघायचं त्ये बघूंद्या."

गेलो. का गेलो, तर घरी भात करपवून खाण्याचा कंटाळा आला होता. एवढं साधं कारण.

खोलीत एकच टेबल, शिवणयंत्र बाजूला सारून मोकळं केलेलं. वर पांढरी चादर आणि चादरीखालून वाळल्या गवताच्या काड्या डोकावत होत्या. गंगावेशीतल्या म्हशीवाल्याकडून मागून आणलेलं गवत. मी बघतोय हे पाहून म्हणाली, "गोठ्यात जन्मला न्हवं त्यो?" आम्ही लगेच बसलो नाही. पहिली चांदणी दिसल्याशिवाय घास नाही, म्हणून दोघंही दारात उभे राहिलो. समोरच्या घरातली माणसं आम्हाला बघत होती, आम्ही आभाळाकडं बघत होतो. माझ्या मनात आलं, माझ्या मुलाला आत्ता आभाळ दिसत असेल का?

चांदणी दिसली. आत वळलो तर टेबलावर ताटं तीन.

तीन तिघाडा काम बिघाडा, म्हणून मी थट्टा करायला गेलो आणि ताटं पुन्हा मोजली. दोघं आम्ही. तिसरं कुणाचं? ती शांतपणे म्हणाली, "त्ये गेलेल्यांचं हाय. त्ये मोजत न्हाईत."

मला काय झालं सांगता येत नाही. महिनाभर कुणापुढं मुलाबद्दल एक शब्द न बोललेला मी, त्या परक्या बाईवर ओरडलो. "माझा मुलगा मेलेला नाही! कुणी सांगितलं तुम्हाला? उचला ते ताट!" समोरच्या घरातला रेडिओ कुणीतरी बारीक केला.

ती ताठ उभी राहिली, चर्चमध्ये उभी राहायची तशी. मग म्हणाली, "त्ये तुमच्या पोराचं न्हाय. माझी आय हाय त्यात, बाप हाय, भाऊ हाय, नवरा हाय. आणि त्यो म्हातारा. तुमच्या पोराला मी त्यात कशापायी बसवू? जित्याचं ताट मांडत न्हाईत तितं." मग तिनं विचारलं, "काय खबर न्हाय व्हय त्येची?"

सगळ्या गावात हा प्रश्न पहिल्यांदा तिनं विचारला. मी नाही म्हणून मान हलवली आणि खाली बसलो. देवाची इच्छा, धीर धरा, यातलं ती काहीच म्हणाली नाही. तिनं माझ्या ताटात वाढलं. उकडलेला खपली गहू, खसखस आणि मध. आमच्या गडहिंग्लजकडं आई हुग्गी म्हणजे गव्हाची खीर करायची, तिचीच ही सख्खी बहीण, फक्त गुळाऐवजी मध. पहिल्या घासाला माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत. तिनं म्हाताऱ्याची ती ओळ गायली. आवाज भसाडा होता. मला शब्द कळले नाहीत, विचारलेही नाहीत. निघताना तिनं कुणासाठीही प्रार्थना करा असं म्हटलं नाही, हे मला घरी आल्यावर जाणवलं.

जानेवारी संपता संपता तार आली. तो जखमी होऊन फौजेच्या इस्पितळात होता आणि तिथंच गेला.

मंडळीनं काही कमी केलं नाही. लोक रांगेनं आले. प्रत्येकानं मला वचनं म्हणून दाखवली. तो प्रभूमध्ये निजला आहे, तो इथं नाही, तो उत्तम ठिकाणी आहे. सगळी मीच शिकवलेली. दुसऱ्यांच्या घरी जाऊन मी हीच वचनं किती सहज म्हटली होती! घराघरातून डबे आले, पण पाळकसाहेबांबरोबर बसून जेवायचं कसं, म्हणून डबे ओट्यावर ठेवून माणसं अदबीनं निघून जायची. मी तो आदर खात बसायचो. वर्षभर माझ्या घरात दुसरं ताट मांडलं गेलं नाही. मी प्रवचनं केली, लग्नं लावली, मुलांना बाप्तिस्मा दिला. मुलाचं नाव मात्र घेतलं नाही. आम्ही मेलेल्यांसाठी प्रार्थना करत नाही. जे झालं ते देवाच्या हाती सोपवतो. हे बरोबर आहे असं मी तेव्हाही मानत होतो, आजही मानतो. पण सोपवून झाल्यावर रिकाम्या हातांचं काय करायचं हे आमच्या धर्मशास्त्रात मला सापडलं नाही.

पुढच्या वर्षी तिनं बोलावलं नाही. तिच्या नाताळाच्या आदल्या संध्याकाळी मी आपणहून गेलो. दार सताड उघडं होतं. गवत होतं, चादर होती, ताटं तीनच होती. म्हणजे तिनं माझं धरलेलं होतं.

चांदणी बघून आम्ही आत आलो. तिनं आधी मला वाढलं, मग स्वतःला. तिसऱ्या ताटाशी आली आणि थांबली. हातातला डाव तिनं माझ्यापुढं धरला.

"ह्या साली तुमी वाढा."

मी डाव घेतला. माझ्या पाठीमागं आज्यापणज्यांपासून सगळे उभे असल्यासारखं वाटलं, कावळा आणि पिंड सोडून आलेले. पंच मंडळी दिसली. मग मुलगा दिसला, सहा-सात वर्षांचा, हुग्गीचं पातेलं बोटानं चाटणारा. मी एक डाव वाढला. आणि वर्षात पहिल्यांदा, मोठ्यानं, त्याचं नाव घेतलं. तिनं ते नाव माझ्यामागून म्हटलं, जरा वेडंवाकडं, आणि मग तिच्या माणसांची नावं घेतली, आणि त्या ओळीत माझा मुलगा त्यांच्यामध्ये बसला. तो फार वेळ एकटा होता असं मला वाटत होतं. तिथं त्याला माणसं मिळाली.

त्यानंतर दरवर्षी गेलो. पंचांनी एकदा विषय काढला. मी सांगितलं, हे माझं पाळकीचं काम आहे. मंडळीत कुणाच्या घरी मरण झालं की मी वचनं कमी म्हणायला लागलो. बसायचो आणि वाढा म्हणायचो. माणसं आधी गोंधळायची, मग वाढायची.

मी निवृत्त झालो त्याच्या दुसऱ्या वर्षी ती गेली. आमच्याच कबरस्थानात तिला ठेवलं. मातीच्या वेळी सगळी मंडळी उभी होती. बसायला तिथं बाक नव्हते, पण मला ते बरं वाटलं. दगडावर पोलंड लिहू दिलं नाही. तेवढ्यासाठी मी कारागिराशी तिच्यासारखाच भांडलो.

आता हे जेवण मी माझ्या घरी करतो. खपली गहू आदल्या दिवशी भिजत घालतो, खसखस वाटतो, गवत अजून गंगावेशीतूनच आणतो. गेल्या जानेवारीत चांदणी बघायला फाटकाशी उभा होतो, तेव्हा एसटीतून उतरलेला एक माणूस पिशवी घेऊन चालला होता. मी आयुष्यात कधी रस्त्यावरच्या माणसाला हाक मारली नव्हती. म्हटलं, "ओ पावणं, जेवूनच जावा की!" तो हसला. "जेवण झालंय की माझं. यीन की पुन्यांदा." आणि गेला.

मी आत आलो. दार उघडंच ठेवलं. आधी माझं वाढलं, मग तिसऱ्या ताटात सगळ्यांची नावं घेत वाढलं. बायको, मुलगा, तिची माणसं, तो गाणारा म्हातारा आणि आता ती. त्या ताटात दाटी झाली आहे. दुसरं ताट पालथं होतं ते मी सुलटं करून ठेवलं आणि कुणी येतंय का म्हणून खीर गार होईपर्यंत थांबलो.