हिंदुरावांची लिफ्ट आधी आली

धायरीच्या हिंदुराव बेनकरांनी आपल्याच कांद्याच्या वावरात पहिली इमारत उभी केली आणि ते बिल्डर झाले. मग दुसरी, तिसरी. बांधकाम पक्कं, व्यवहार चोख. फक्त तारीख कधी पाळली गेली नाही. हे त्यांच्या मनाला फार लागायचं. काम मागे पडलं की ते सगळीकडे गडी वाढवत, ओव्हरटाइम देत, ओरडून घसा बसवून घेत. तरी ताबा उशिराच.

त्यांची मुलगी ऋतुजा २००३ साली औंधच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागली. प्रोजेक्टचं वेळापत्रक शिकवायला तिथे कॉम्प्युटरवरचा एक खेळ होता. साहेबांना विचारून तिने त्याची सीडी रविवारी सरावासाठी घरी आणली. पडद्यावर एक शाळा बांधायची. कुठल्या कामावर किती माणसं, कुठे जादा पैसे, हे आपण ठरवायचं. उशीर झाला की दंड.

"शाळा बांधायचीय? सरक," हिंदुराव म्हणाले.

पाया, भिंती, प्लास्टर, सगळीकडे त्यांनी दुप्पट गडी लावले. शाळा झपाझप वर आली आणि अडकली. खिडक्यांची ऑर्डर त्यांनी भिंती झाल्यावर दिली होती. खिडक्या येईपर्यंत गडी बसून, मजुरी चालू, वर दंड. सगळे पैसे संपले.

"ह्यो खेळ लबाड हाय."

"लबाड नाही, आप्पा," ऋतुजा म्हणाली. "खिडक्यांना सगळ्यात जास्त वेळ लागत होता. जादा पैसे तिथे टाकायचे. प्लास्टर लवकर उरकून काय मिळालं? शाळा खिडक्यांसाठी थांबलीच ना."

दुसऱ्या डावात त्यांनी खिडक्या आधीच मागवल्या, तर छपराने अडवलं. एक काम लवकर केलं की दुसरंच सगळ्यात जास्त वेळ खाणारं ठरतं, हे त्यांच्या ध्यानात आलं. जेवण ताटात गार होत होतं, पण त्यांना उठवेना. पुढच्या डावात शाळा वेळेत झाली, पैसेही उरले. हिंदुरावांनी मांडीवर जोरात थाप मारली. आता त्यांना आपल्या इमारती दिसू लागल्या. प्रत्येक ठिकाणी शेवटी लिफ्टच अडली होती.

सोमवारी सकाळी ते साइटवर पोचले. चौथ्या इमारतीचा ताबा पाडव्याला द्यायचा होता.

"वैजनाथ, प्लास्टरचा ओव्हरटाइम बंद कर," त्यांनी मुकादमाला सांगितलं.

"अन्‌ पाडवा, मालक?"

"त्याच्यासाठीच. लिफ्ट मागवलीय का?"

"ती आपण प्लास्टर झाल्यावर मागवतो की."

"हां. तिथंच चुकतंय."

लिफ्टवाल्याने पाडव्यानंतरची तारीख दिली. लवकर हवी तर जादा पैसे म्हणाला. ओव्हरटाइमचे वाचलेले पैसे हिंदुरावांनी तिकडे वळवले. परत येताना स्कूटरवर ते स्वतःशीच बडबडत होते: लिफ्टचं सुटलं, आता सगळ्यात जास्त वेळ खाणारं काम कुठलं? विजेचा मीटर. स्कूटर वळवून त्यांनी त्याच दिवशी मीटरचा अर्ज दिला.

लिफ्टच्या पेट्या ट्रकमधून आल्या तेव्हा तिचा खड्डाच तयार नव्हता. वैजनाथ कपाळाला हात लावून उभा राहिला. हिंदुराव मात्र खूश. प्लास्टरचे सगळे गडी त्यांनी खड्ड्याकडे पळवले. लिफ्टने कामासाठी थांबायचं, असं आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

पाडव्याला सकाळी सुशीलाबाई ताबा घ्यायला आल्या. निवृत्त शिक्षिका, गुडघ्यांनी त्रासलेल्या, फ्लॅट चौथ्या मजल्यावर. त्यांनी चष्मा सावरून सगळं न्याहाळलं.

"फाटकाला रंग नाही दिलात."

"देतो, बाई. त्याच्यावाचून आज कुणाचं अडत नाही."

"बरं," म्हणत त्या लिफ्टमध्ये शिरल्या. दार लागलं, वरचा दिवा पेटला. हिंदुरावांना खाली थांबवेना. धोतर वर खोचून, दोन-दोन पायऱ्या चढत ते चौथ्या मजल्याकडे धावले, बाईंच्या फ्लॅटचं कुलूप आपल्या हाताने उघडायला.