टेबलावरचा हात

आमचे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, घरात अगदी मुखदुर्बळ. भाजी आणायला पाठवलं तर भावसुद्धा विचारणार नाहीत, भाजीवाला देईल ते मुकाट्याने पिशवीत घालून येतील. लग्न ठरवतानाही यांच्या वतीने सगळं यांची आईच बोलली आणि हे खिडकीबाहेर बघत बसले, असं ताई अजून ऐकवते. आणि अशा माणसाचा धंदा काय, तर लोकांना बोलतं करणं! पहिल्यांदा कळलं तेव्हा मी त्यांच्या तोंडावर हसले होते.

भाऊजी माहितीपट बनवणाऱ्या एका कंपनीत होते. ज्या माणसांवर माहितीपट करायचा त्यांना शोधून काढायचं, त्यांच्या घरी जाऊन बसायचं, आणि त्यांचा विश्वास बसला की मगच कॅमेरा न्यायचा, हे त्यांचं काम. सुरुवातीला जाताना हात हलवत जायचे, वही नाही की पेन नाही. प्रत्येक घरात चहा होणार म्हणून कुठेही अर्धाच कप मागायचे, त्यामुळे ऑफिसात त्यांचं नावच 'अर्धा कप' पडलं. समोरचा बोलायला लागला की हे मान खाली घालून ऐकणार. मध्ये 'हं' नाही की 'अरेरे' नाही.

"भाऊजी, तुम्ही नक्की करता तरी काय?" मी एकदा विचारलं.

"काही नाही गं. मी गप्प बसतो. मग त्यांनाच राहवत नाही."

त्यांची एक पद्धत होती, आणि पुढचं सगळं रामायण त्या पद्धतीपायीच घडलं, म्हणून ती नीट सांगते. मुलाखत सुरू व्हायच्या आधी ते समोरच्या माणसाला एका टेबलापाशी बसवायचे आणि म्हणायचे, "बोलता बोलता एखादी गोष्ट अशी येईल की जी लोकांना कळू नये असं तुम्हाला वाटेल. अडू नका, बोलून मोकळे व्हा. फक्त तेवढा वेळ हात असा पालथा टेबलावर टेकवून ठेवा. हात टेकलेला असेल तोवरचं बोलणं आपल्यातलं. ते कुणाला दिसणार नाही." कॅमेरा का नाही बंद करत, असं मी विचारलं होतं. ते म्हणाले, कॅमेरा बंद केला की माणूसही बंद होतो, मग पुन्हा उघडत नाही. कॅमेरामनला ही खूण ठाऊक होती आणि संकलन करणाऱ्या बाईंना ठाऊक होती. या बाई म्हणजे मोठ्या खमक्या. टेकलेला हात दिसला की तिथपासून कापायच्या, हात उचलला की पुन्हा जोडायच्या. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं. ते कुणी कुणाला सांगायचीही गरज पडत नसे.

तेव्हा टीव्हीवर माहितीपट लागायचा आठवड्यातून एकदा, बातम्या संपल्यावर, लोक जांभया देत अंथरुणं घालायच्या वेळेला. खाणीत उतरणारी माणसं, पूल रंगवणारी माणसं, आंधळ्या मुलांना सुतारकाम शिकवणारे एक मास्तर. एकेका फिल्मचं काम वर्षभर चालायचं. आमच्या घरात मी आणि ताई सोडून कुणी बघत नसे, आणि खरं सांगायचं तर मीही अर्धी झोपेतच बघायचे. पण ज्यांच्यावर ती फिल्म असे ते मात्र अख्खं घर गोळा करून बघत आणि दुसऱ्या दिवशी भाऊजींना फोन करत.

मग वाहिन्यांचं पेव फुटलं. माहितीपटांना स्वतःच्या वाहिन्या मिळाल्या, दिवसरात्र. ऑफिसात पेढे वाटावेत असा आनंद झाला. तो काही टिकला नाही. त्या वाहिन्यांवर आधी मगरी आल्या, मग शार्क आले, मग जुन्या मोटारी दुरुस्त करणारे दाढीवाले, आणि शेवटी टॉर्च घेऊन पडक्या घरांतून भुतांच्या मागे धावणारे लोक. मगरीला बोलतं करायला कुणी लागत नाही. भाऊजी घरी बसले. घरी बसलेला पुरुष कसा दिसतो ते मी ताईच्या कपाळावरच्या आठ्यांत बघितलंय.

आणि मग, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, माहितीपटाला पुन्हा दिवस आले. आता तो फोनवर आला, मालिकेसारखा, एक भाग संपला की दुसरा सुरू. आमच्या पलीकडच्या शिंपीणबाई, ज्यांना बातम्यासुद्धा नको असतात, त्या मशीन चालवता चालवता माहितीपट बघायला लागल्या. फक्त आता लोकांना पूल रंगवणारे नको होते. कुणाचा तरी खून, कुणाचा तरी अपघात, कुणाचं तरी उद्ध्वस्त घर हवं होतं. भाऊजींची कंपनी एका मोठ्या कंपनीने घेतली. नवी निर्माती आली, हुशार, बोलायला गोड, भाऊजींना 'सर' म्हणणारी. तिनेच त्यांना परत बोलावलं. "सर, तुमच्यासारखं आता कुणी करत नाही," म्हणाली. ताईने त्या दिवशी त्यांचा जुना शर्ट दोनदा इस्त्री केला.

विषय होता एका कारखान्यातल्या आगीचा. फार जुनी गोष्ट. बॉयलर फुटला, माणसं गेली, बॉयलर सांभाळणारा कामगारही त्यातच गेला. चौकशीत काही निष्पन्न झालं नाही, पण गावभर बोललं गेलं की त्याला रात्रपाळीवर डुलकी लागली. त्याचा मुलगा तेव्हा लहान होता. आता तो बस दुरुस्तीच्या डेपोत काम करत होता आणि त्याने आयुष्यभर एकच धोशा लावला होता, माझे बाबा झोपले नव्हते. आई मूग गिळून बसलेली. भाऊजी त्यांच्याकडे कितीतरी वेळा गेले. शेवटी मुलगाच आईला म्हणाला, "बोल गं आई, बाबांसाठी बोल." म्हणून ती तयार झाली.

ती बोलली. बॉयलरच्या आवाजाबद्दल बोलली, धुराबद्दल बोलली, आणि मध्येच तिने हात टेबलावर टेकवला. म्हणाली, "त्या दिवशी आमचं भांडण झालं होतं. त्याला दिवसा झोपायचं असायचं, मी झोपूच दिलं नाही. जाताना म्हणाला, रजा टाकतो, डोळे मिटतायत. मी म्हटलं, घरात तोंड दाखवू नकोस, जा." मग तिने हात उचलला, डोळे पुसले आणि पुन्हा धुराबद्दल सांगू लागली. भाऊजी त्या दिवशी घरी आले ते न जेवताच झोपले. काय झालं ते त्यांनी ताईलाही सांगितलं नाही. सांगायचं नव्हतंच, ते त्या दोघांतलं होतं.

मध्यंतरी कंपनीने जुनी संकलनाची खोली बंद केली. त्या खमक्या बाई लेकीकडे राहायला गेल्या. चित्रण संकलनासाठी दुसऱ्या शहरातल्या पोरांकडे गेलं, ज्यांनी भाऊजींना कधी पाहिलंही नव्हतं. आणि आमच्या भाऊजींच्या डोक्यात आलंच नाही की हाताचा अर्थ आता कुणाला तरी सांगावा लागेल. दाराला कडी असते हे आपण पाहुण्याला कुठे सांगतो?

रविवारी आम्ही सगळे ताईकडे जेवत होतो. माझ्या नवऱ्याने कौतुकाने फोन पुढे केला, "भाऊजी, तुमच्या मालिकेची जाहिरात आली बघा!" पडद्यावर फक्त एक हात होता. टेबलावर पालथा टेकलेला, पडदाभर मोठा. मागे संगीत. आणि तिचा आवाज, "डोळे मिटतायत म्हणाला. मी म्हटलं, जा." मग अक्षरं उमटली: तिने काय लपवलं?

भाऊजींच्या हातातला घास ताटात पडला. ते उठले, खरकट्या हातानेच त्यांनी निर्मातीला फोन लावला. आम्हाला दोन्हीकडचं ऐकू येत होतं.

"सर, बघितलंत? त्या हातावरच सगळे फिदा आहेत! अपराधी माणसाचा हात कसा—"

"अहो, ती खूण होती," भाऊजी म्हणाले. "हे दाखवू नका, अशी खूण. मीच शिकवली होती तिला."

मग ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, "सर, मग हे आधी का नाही सांगितलंत?"

मला तिला चार शब्द सुनावायचे होते, पण कोणते सुनावणार? पोरगी वाईट नव्हती. तिने धडपड केली, मालिकेतून तेवढा तुकडा काढून घेतला. पण जाहिरात या फोनवरून त्या फोनवर पोचली होती. डेपोत कुणीतरी ती त्या मुलाला दाखवली आणि म्हणालं, "बघ, तुझा बाप झोपलाच होता. आणि का, ते तुझ्या आईनेच सांगितलंय."

भाऊजी त्या मुलाच्या आईकडे जायला निघाले तेव्हा ताईने मला सोबत पाठवलं. दार मुलाने उघडलं. मला वाटलं, हा आता अंगावर धावून येतो. तो बाजूला झाला आणि म्हणाला, "या. ती कालपासून एक शब्द बोललेली नाही. मी तिला म्हटलं, मला राग नाही गं, खरंच नाही. तरी बोलत नाही. तुम्ही बोलतं करता ना लोकांना? करा माझ्या आईला बोलतं."

ती खाटेवर बसली होती. भाऊजी समोर स्टुलावर बसले. नेहमीसारखी मान खाली. मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा काम करताना पाहत होते, आणि देवा, इतकं वाईट दृश्य मी पाहिलेलं नाही. त्यांना फक्त गप्प बसता येत होतं आणि ते गप्प बसले होते. मुलगा दाराशी उभा होता. खालच्या रस्त्यावर कुणीतरी मोटारसायकल चालू करायचा प्रयत्न करत होतं, ती चालू होत नव्हती.

अखेर तिने तोंड उघडलं. पण ती भाऊजींकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.

"ताई, यांना घेऊन जा," ती म्हणाली. "यांचा मला राग नाही. पण कुणी असं शांतपणे ऐकत बसलं ना, की मला आता भीती वाटते. तो पोरगा माझा कालपासून असाच, मी काय बोलते ते ऐकायला, समोर बसलाय."