तिसरं प्रमेय

एखाद्या शब्दाचा अर्थ विचारला, तर तो कुणी उच्चारला आणि कुठं, हे कळल्याशिवाय तोंड न उघडणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो मला साडू म्हणून लाभला. मी साताऱ्याला शाळामास्तर, ते सांगलीला इंजिनिअरिंग कॉलेजात संगणक शिकवत. परिस्थिती बदलली की एकाच आज्ञेचा अर्थ बदलेल अशी संगणकाची भाषा आणि त्या बदलाचे गणिती नियम, यापलीकडे त्यांना जग नव्हतं. आष्ट्याला, आमच्या सासुरवाडीत, पहिल्या दिवाळसणाला सासूबाईंनी "भात वाढू का?" म्हणून विचारलं, आणि तेवढ्यात त्यांच्या हातातली बांगडी फुटली, तशी "बांगडी वाढली" म्हणाल्या. साडूंनी हातातला घास खाली ठेवला. "आई, हे वाढणं आणि ते वाढणं एकच, की दोन?" सासूबाई म्हणाल्या, "आवं, आदी जेवा की. भात गार व्हाया लागलाय." साडूंनी आधी दोन्ही अर्थ कागदावर उतरवले. भात गार झालाच.

मला ते एकदा समजावत होते. 'कळव' ही आज्ञा. साहेब जागेवर असला तर निरोप पडद्यावर, नसला तर कागदावर. पण निरोप अर्धा झाला आणि साहेब उठून गेला, तर? त्यांचा नियम असा, की काम ज्या परिस्थितीत सुरू झालं, त्याच परिस्थितीत संपायचं. मग परिस्थितीनंच थांबावं. या नियमानं कुठलंही काम कधीच अडत नाही, हे त्यांचं तिसरं प्रमेय. त्यात सहा वर्षं गेली, आणि नव्वदीच्या दशकाच्या शेवटी पीएच.डी.ची तोंडी परीक्षा ठरली.

परीक्षेसाठी ते पुण्याला निघाले, तेव्हा सोबत म्हणून मी साताऱ्याला त्यांच्याच एसटीत चढलो. ते प्रबंध चाळत होते. खंबाटकी घाटात त्यांनी तो मिटला.

"तिसरं प्रमेय पडलं," ते म्हणाले. "दोन कामं एकमेकांची वाट बघत बसली, तर दोन्ही अडतात."

"कुणाच्या लक्षात येईल?"

"नाही येणार."

परीक्षकांपुढं उभं राहून त्यांनी पहिलं वाक्य तेच सांगितलं. मार्गदर्शकांनी मान खाली घातली. प्रबंध दुरुस्तीला परत आला आणि पुन्हा कधी गेला नाही. पुढं विभागप्रमुखाची खुर्ची त्यांच्याहून धाकट्या माणसाला मिळाली. मेहुणीनं एकदा माझ्यासमोरच विचारलं, "गप्प बसला असता, तर कुणाला कळलं असतं?"

"कुणालाच नाही," साडू म्हणाले. "म्हणून तर सांगावं लागलं."

त्यांना जाऊनही आता काळ लोटला. त्या दिवशी त्यांच्या जागी मी असतो, तर गप्प बसलो असतो. त्यांच्याजवळ हे कबूल करायचं माझ्याकडून राहूनच गेलं.