नर्सबाईंचं खोटं पडणं

नर्सबाईंसारखं खोटं कोसळणं कोणाच्या बापाला जमायचं नाही. रुग्णवाहिकेत एकतीस वर्षं काढलेली बाई ती. निवृत्त झाल्यावर दर बुधवारी चौथीच्या मुलांना जीव वाचवायला शिकवायची, आणि बोलता बोलता अशी आडवी व्हायची की नव्या पोरांची पाचावर धारण बसायची.

"घाबरा खुशाल," त्या म्हणायच्या, "पण हात चालू ठेवा."

सोबतीला मामा असायचे. मामा म्हणजे नुसतं रबरी धड. मामांचे पाय कुठे गेले असं कोणी विचारलं की बाई सांगायच्या, "उंडारायला गेलेत." छाती नीट दाबली की मामांच्या आत टक् असा आवाज व्हायचा.

रीत ठरलेली होती. बाई पडल्या की खांदा हलवून हाक मारायची, श्वास बघायचा. मग एकाने फोन करायचा आणि बाकीच्यांनी पाळीपाळीने दाबायचं, पण शेजारी ठेवलेल्या मामांना. चांगल्या चालत्या छातीवर जोर काढायचा नसतो, म्हणून बाईंना हात लावायची सक्त मनाई. फोन होता वायर तोडलेला, जुना. पलीकडून बोलायच्या त्याही बाईच, डोळे मिटून, पडल्या पडल्या. "पत्ता सांगा. बरं. गाडी निघाली." लांडगा आला रे आला ही गोष्ट वर्गातल्या शेंबड्या पोरालाही पाठ होती. बाईंनाच ती कधी आठवली नाही.

त्या बुधवारी सकाळपासून त्यांचा डावा हात जड होता. मामांना उचलून जिना चढलो म्हणून असेल, असं त्यांनी ठरवून टाकलं. जगाला शहाणपण शिकवणाऱ्यांची स्वतःच्या बाबतीत हीच तऱ्हा. वर्गशिक्षिका नेहमीप्रमाणे वह्या घेऊन खाली ऑफिसात गेल्या. बाई फळ्याकडे वळल्या, अंगाला दरदरून घाम सुटला आणि फरशी वर आली.

"आज काय भारी पडल्या!" पैलवान म्हणाला. वर्गातला सगळ्यात वजनदार मुलगा तो.

बाईंना सांगायचं होतं, पण जीभ हलेना. कान तेवढे जागे होते. खांद्यावर एक चिमुकला हात आला. "बाई, ऐकू येतंय का?" येत होतं. तेवढंच येत होतं.

मग शेजारी सुरू झालं. टक्, टक्, टक्. दाबण्याची खोली बरोबर, वेग बरोबर, एकही चूक नाही. त्यांनीच तर शिकवलं होतं. कानाशी एक काळीज व्यवस्थित चाललं होतं, आणि ते त्यांचं नव्हतं. मरणाला टेकलेली माणसं त्यांनी शेकड्यांनी पाहिली होती, पण इतकं भ्यायला त्यांना कधीच झालं नव्हतं.

फोनवर चिमणी होती, बारीक आवाजाची मुलगी. तिने खणखणीत पत्ता सांगितला आणि थांबली. पुन्हा सांगितला. पुन्हा थांबली.

"पलीकडे कोणी बोलत नाहीये," ती हळूच म्हणाली.

"बाई विसरल्या असतील," पैलवान म्हणाला. टक्, टक्. बाईंनी ऐकलं ते एवढंच.

पुढचं त्यांना नंतर समजलं. चिमणीने रिसीव्हर ठेवला आणि बाईंच्या नाकातोंडाशी गाल नेला. दहा मोजले. गालाला काहीच लागलं नाही.

"मामांना सोडा. बाईंना दाबा."

"बाईंना नसतं दाबायचं!"

सव्वीस मुलं जागच्या जागी खिळली. समोर बाई निळ्या पडत होत्या आणि पोरांना भीती होती ती नियम मोडण्याची. शेवटी चिमणीने पैलवानाचं मनगट धरून बाईंच्या छातीवर ठेवलं आणि जिना उतरून खऱ्या फोनकडे धूम ठोकली. पैलवान दाबत सुटला. बाईंच्या छातीतून टक् येत नव्हतं, त्यामुळे बरोबर चाललंय की नाही हे त्याला कळेना. म्हणून तो आणखी जोर लावत गेला. दोन बरगड्या मोडल्या. तो रडत होता, पण गाडी येऊन बदलीला कोणी आलं तेव्हाच त्याने हात काढले.

बाई वाचल्या. तीन आठवड्यांनी चिमणी आईबरोबर दवाखान्यात भेटायला आली. आई खुर्चीवर टेकली, तब्येतीची विचारपूस झाली. चिमणी मात्र पलंगाच्या पायथ्याशीच उभी राहिली.

"बाई, एक विचारू?"

"विचार की."

"पुढच्या वेळी खरं पडणार असाल, तर आधी सांगाल ना?"

"अगं, असं विचारतात का?" आई दटावायला लागली.

बाईंनी तिला हातानेच थांबवलं. धास्तावलेल्या नातेवाइकांना काय सांगायचं, हे एकतीस वर्षांत त्यांच्या तोंडात बसलं होतं. त्यातलं एकही वाक्य या पोरीला सांगण्याजोगं नव्हतं. पोरगी त्यांच्या ओठांकडे बघत उभी राहिली.