भानुबाईचा लंबू

भानुबाई मासळीची पाटी उतरवायच्या आधी घरच्यांची खबर सांगायची, आणि त्यात लंबू असायचाच. "कालच्या उधाणात लंबूच्या पायाकडची माती खचली, बाय." लंबू तिच्या जन्माआधीच मेलेला आहे, हे मला बरीच पापलेटं घेऊन झाल्यावर कळलं.

मुलांनो, सत्तरच्या दशकात तुमच्या आजोबांची नोकरी तारापूरला होती, घर बोईसरला. भानुबाई जवळच्या मुरबे या कोळ्यांच्या गावाहून यायची. त्या गावच्या किनाऱ्यासमोर एक छोटं बेट होतं. ओहोटीला चालत जाता येई. तिच्या आजेसासऱ्याच्या काळी तिथल्या खडकावर परदेशी गलबत फुटलं. बुडालेल्यांचा धर्म कुणाला ठाऊक नव्हता, म्हणून गावाने त्यांना बेटावरच पुरलं आणि ठरवलं, ज्याने ज्याला पाण्यातून काढलं, त्याच्या घराने त्याला सांभाळायचं. तेव्हापासून नारळी पुनवेआधी प्रत्येक घर आपापल्या थडग्यावरचं गवत काढून दगड सारखे करत असे. भानुबाईच्या घराचा खलाशी इतका उंच, की खड्डा पुन्हा खणावा लागला होता.

तिला मूलबाळ नव्हतं. नवरा गेला, गुडघे धरले, तसा तिला एकच घोर लागला. एकदा बोंबील निवडून देता देता म्हणाली, "बाय, माज्या मागं लंबूला तुमी घ्या."

"अगं, आमची बदली होईल."

"मग नको. सायबाची बदली व्हते, लंबूची नाय व्हत."

राहिली शेजारीण जानकी. दोन घरांमधल्या मोकळ्या जागेत बोंबील कुणी वाळवायचे, यावरून दोघींचं बोलणं बंद होतं. जागा भानुबाईने सोडली नव्हती आणि जानकीचं नाव ती तोंडातून काढत नसे. "पल्याडची" म्हणायची.

मग एकदा पाटीत सुके बोंबील दिसले नाहीत.

"जागा दिली जानकीला," ती म्हणाली.

"तिने मागितली?"

"ती कशाला मागते? बेटावर माजे गुडघे बघून आपनच बोलली, लंबूला मी बघीन, तू जा घरी. म्हनून दिली. फुकट आलेलं मानूस कोन सांभाळतं, बाय?"

त्या वर्षी पुनवेआधी मी तिच्याबरोबर बेटावर गेले. जानकी आधीच गवत उपटत होती. भानुबाई सवयीने पदर खोचून पुढे झाली.

"हात नको लावू," जानकी वर न बघता म्हणाली. "आता तो आमच्या घरचा हाय. तू पावनी. बस गप."

भानुबाई माझ्याकडे बघून हसली आणि खरोखरच पाय पसरून बसली.